महासंगणक कोठे अडतो?

अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यात रिनो नावाचे शहर आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये तेथे महासंगणकांची वार्षिक परिषद भरली होती. जगातील सर्वांत वेगवान पाचशे संगणकांची यादी या परिषदेत जाहीर होते. त्या वर्षीच्या यादीत चौथ्या क्रमांकावर ‘एका’ हे नाव होते. हा संगणक पुण्याचा. टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या संस्थेने तो उभारला होता. एका म्हणजे संस्कृतात एक.

आपल्याकडे साहजिकच चौथ्या क्रमांकाचे कौतुक झाले. पण यादीत प्रत्येक संगणकापुढे एक नव्हे, दोन वेग छापलेले असतात. ‘एका’पुढचे आकडे होते १७०.८८ आणि ११७.९ टेराफ्लॉप. विद्यार्थी मित्रांनो, एकाच यंत्राचे दोन वेग कसे असतील? आणि त्यांत एवढा फरक का असावा? महासंगणकांच्या जगातील बहुतेक सारी धडपड या एका प्रश्नाभोवती चालते, म्हणून तो जरा खोलात जाऊन पाहू.

टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक हजार अब्ज गणिती क्रिया. क्रिया म्हणजे दशांश चिन्ह असलेल्या दोन संख्यांची एक बेरीज किंवा एक गुणाकार. ‘एका’मध्ये १४,२४० प्रक्रियक होते. प्रक्रियक म्हणजे प्रत्यक्ष आकडेमोड करणारा भाग. एका चिपवर असे चार बसवलेले होते. संगणकातील सर्व कामे एका ठेक्यावर चालतात. ‘एका’चा ठेका सेकंदाला ३ अब्ज होता आणि प्रत्येक ठेक्याला एक प्रक्रियक ४ क्रिया करू शकत होता. आता गुणाकार करा: १४,२४० × ३ अब्ज × ४. उत्तर येते १,७०,८८० अब्ज, म्हणजेच १७०.८८ टेराफ्लॉप. हा झाला कागदावरचा वेग. प्रत्येक प्रक्रियक प्रत्येक ठेक्याला क्षणभरही न थांबता राबला तरच तो मिळेल.

दुसरा आकडा कागदावरचा नाही, मोजलेला आहे. संगणकाला एक ठरावीक गणित घालतात आणि लागलेला वेळ मोजतात. हे गणित तुमच्या ओळखीचे आहे. दोन चलांची दोन समीकरणे तुम्ही एका चलाचा लोप करून सोडवता. येथे तेच करायचे असते, फक्त चले लाखो असतात. ‘न’ चलांची ‘न’ समीकरणे लोपाने सोडवण्यास ढोबळमानाने न × न × न च्या दोन-तृतीयांश इतक्या क्रिया लागतात. हजार समीकरणांना सुमारे ६७ कोटी क्रिया. दहा लाख समीकरणे घेतली, तर ६७ वर सोळा शून्ये! मोजलेल्या वेगाने ‘एका’ला हे काम करण्यास सुमारे दीड तास लागला असता. वहीवर भागाकार करून पाहा.

या चाचणीला लिनपॅक म्हणतात. ती जॅक डोंगारा या गणितज्ञाच्या कामातून पुढे आली आणि १९९३ पासून हान्स मॉयर व एरिख श्ट्रोमायर यांच्या साथीने तिच्या आधारे पाचशेंची यादी निघू लागली. यादी वर्षातून दोनदा निघते, जूनमध्ये जर्मनीतील परिषदेच्या वेळी आणि नोव्हेंबरात अमेरिकेतील परिषदेत. अमेरिकेतील परिषद प्रथम १९८८ मध्ये ऑर्लँडो येथे भरली. २०२० च्या साथीचा अपवाद सोडला, तर ती एका वर्षी एका, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या शहरात भरते. निबंधवाचन असते, वादविवाद असतात आणि भलेमोठे प्रदर्शनही असते. कपाटाएवढी यंत्रे, त्यांना थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्या, उघडून मांडलेले सर्किट बोर्ड पाहायला तेथे गर्दी होते. खरी गंमत मात्र वादविवादांत असते, कारण तेथे पुढच्या दहा वर्षांची यंत्रे कशी असावीत यावर भांडण चालते.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. १७०.८८ पैकी ११७.९, म्हणजे सुमारे ६९ टक्के. उरलेले ३१ टक्के गेले कोठे? उत्तर अगदी साधे आहे. वाट पाहण्यात गेले.

प्रकाशसुद्धा पुरत नाही

सेकंदाला ३ अब्ज ठेके पडत असतील, तर एका ठेक्यात प्रकाश किती अंतर जाईल? फक्त दहा सेंटिमीटर! तारेतून जाणारा विद्युत संकेत त्याहूनही मागे पडतो. सीमोर क्रे या अभियंत्याने ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. त्याचा क्रे-१ हा संगणक १९७६ मध्ये लॉस अ‍ॅलामोस येथील प्रयोगशाळेत बसला. त्याचा ठेका सेकंदाला फक्त ८ कोटी होता, तरी एकही तार सुमारे चार फुटांहून लांब असू नये अशी क्रेची अट होती. म्हणून त्याने यंत्राला इंग्रजी ‘सी’ अक्षराचा आकार दिला. कपाटे बाहेरून ऐसपैस, पण तारा आतल्या पोकळीत, एकमेकींच्या जवळ. दिसायला ते शोभेचे बाक वाटे. आकारामागे कारण मात्र प्रकाशाच्या वेगाचे होते.

आजच्या महासंगणकाला चार फुटांत बसवणे शक्यच नाही. त्याची कपाटे मोठ्या दालनभर पसरलेली असतात. एका कपाटातील प्रक्रियकाला दुसऱ्या कपाटातील संख्या हवी असेल, तर निरोप जाऊन उत्तर येण्यास सेकंदाचा दहालाखावा भाग किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. आपल्याला हा वेळ नगण्य वाटेल. पण तेवढ्या वेळात ‘एका’मधील एक प्रक्रियक १२,००० क्रिया करू शकला असता.

मग तरीही ६९ टक्के काम कसे होते? याचे श्रेय लिनपॅकच्या गणितालाच आहे. त्यात संख्या न × न असतात आणि क्रिया न × न × न च्या प्रमाणात. म्हणजे एकदा आणलेली संख्या लाखो वेळा वापरली जाते. बाजारातून धान्याचे पोते एकदा आणावे आणि दिवसभर दळत बसावे, तसे हे आहे. निसर्गाची गणिते इतकी मनमिळाऊ नसतात. हवेचा प्रवाह, पुलावरील ताण, जमिनीखालचे पाणी यांच्या समीकरणांत प्रत्येक संख्या एक-दोनदा वापरून सोडून द्यावी लागते. चिमूटभर मिठासाठी दर वेळी वाण्याकडे धावण्याचा तो प्रकार. म्हणून डोंगारा आणि मायकेल हिरू यांनी २०१३ मध्ये दुसरी चाचणी सुचवली. तिच्यात जपानच्या फुगाकू या संगणकाचा वेग १६ पेटाफ्लॉप भरला. लिनपॅकमध्ये तोच संगणक ४४२ पेटाफ्लॉप देतो. (पेटा म्हणजे टेराच्या हजारपट.) आणि फुगाकू तर या बाबतीत चांगल्या संगणकांत मोडतो! यादीतील क्रमांकाची बातमी वाचताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

शंभर डॉलरची पैज

वाट पाहण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते यंत्रात नसून कामातच दडलेले असते. समजा, शाळेची वार्षिक परीक्षा झाली. उत्तरपत्रिका तपासणे आणि निकालपत्रक तयार करणे हे एकूण १०० तासांचे काम आहे. तपासणीचे ९५ तास शिक्षकांत वाटता येतात. निकालपत्रकाचे ५ तास मात्र एकाच कारकुनाने करायचे आहेत. दहा शिक्षक लावले, तर ९.५ + ५ = १४.५ तास, काम जवळजवळ सातपट वेगाने झाले. शंभर शिक्षक लावले, तर ०.९५ + ५ = ५.९५ तास, म्हणजे सुमारे सतरापट. हजार लावले तरी वीसपट काही होत नाही. कारकुनाचे पाच तास कोणालाच कमी करता येत नाहीत.

जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये हा मुद्दा मांडला आणि पुढची वीस वर्षे तो अनेकांना निर्णायक वाटला. हजार लहान प्रक्रियक जोडण्यात अर्थ नाही, क्रेसारखा एकच दमदार प्रक्रियक बांधा, असे म्हणणारे पुष्कळ होते. १९८५ मध्ये अ‍ॅलन कार्प यांनी पैजच लावली. खऱ्या उपयोगाच्या कामात अनेक प्रक्रियक जोडून कोणी दोनशेपट वेग मिळवून दाखवला, तर त्याला शंभर डॉलर! मुदत दहा वर्षांची होती.

पैज तीन वर्षांतच जिंकली गेली. सँडिया प्रयोगशाळेतील जॉन गुस्ताफसन, गॅरी मॉन्ट्री आणि रॉबर्ट बेनर यांनी १,०२४ प्रक्रियकांच्या यंत्रावर तीन वेगवेगळी कामे केली. काम तेवढेच ठेवले तेव्हाही वेग पाचशेपटीहून अधिक वाढला. यंत्राबरोबर कामही वाढवले, तेव्हा तो हजारपटीच्या वर गेला. अ‍ॅमडाल यांचे गणित चुकलेले नव्हते. गुस्ताफसन यांचे म्हणणे एवढेच, की हजार शिक्षक मिळाल्यावर कोणी एकाच शाळेच्या उत्तरपत्रिका तपासत बसत नाही; साऱ्या जिल्ह्याच्या घेतो. तपासणी वाढते, त्या मानाने कारकुनाचे काम वाढत नाही. या कामाला पहिले गॉर्डन बेल पारितोषिक मिळाले. ते आजही याच नोव्हेंबरच्या परिषदेत दिले जाते.

या वादाचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. त्या काळात भारताला हवे ते अमेरिकी महासंगणक विकत मिळत नव्हते. हवामानासाठी क्रेचे एक यंत्र दिल्लीला आले, तेही अटींसह. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, सुरू झाले. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे अनेक लहान प्रक्रियक जोडण्याचाच मार्ग निवडला गेला. १९९१ मध्ये तयार झालेला परम ८००० हा ट्रान्स्प्यूटर नावाच्या चिप जोडून बनवला होता. कार्प यांची पैज जिंकल्याला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. त्या मानाने हा निर्णय धाडसाचाच म्हटला पाहिजे.

कोयनेची वीज लागली असती

क्रे-१ चा ठेका ८ कोटी, ‘एका’चा ३ अब्ज. एकतीस वर्षांत सदतीसपटीहून अधिक वाढ. मग आज तो किती असावा? आजही तो ३ ते ५ अब्जांच्या घरातच आहे. ठेका वाढवला, की चिप इतकी तापते, की तिची उष्णता बाहेर काढणे अशक्य होते. २००५ च्या सुमारास ही वाट जवळजवळ बंद झाली. तेव्हापासून संगणकाचा वेग वाढतो तो प्रक्रियकांची संख्या वाढवून. संख्या वाढली, की विजेचे बिल वाढते.

रिनोच्या परिषदेच्याच महिन्यात आणखी एक यादी प्रथमच निघाली. एका वॅटमागे कोण किती क्रिया करतो, यावर तिचे क्रमांक ठरतात. त्या वेळचा पहिला संगणक एका वॅटमागे सेकंदाला सुमारे ३५.७ कोटी क्रिया करत होता. शास्त्रज्ञांचे पुढचे लक्ष्य होते एक एक्साफ्लॉप, म्हणजे सेकंदाला अब्ज गुणिले अब्ज क्रिया. २००७ मधील सर्वांत काटकसरी यंत्राच्या हिशेबाने त्याला वीज किती लागली असती? भागाकार केल्यास सुमारे २,८०० मेगावॅट येतात. आपल्या कोयना जलविद्युत प्रकल्पाची सारी क्षमता १,९६० मेगावॅट आहे. एका संगणकासाठी दीड कोयना कोण देणार? म्हणून सुमारे २० मेगावॅटची मर्यादा मनाशी धरून काम सुरू झाले.

मे २०२२ मध्ये अमेरिकेतील ओक रिज येथील फ्रंटियर या संगणकाने १.१०२ एक्साफ्लॉप गाठले, सुमारे २१ मेगावॅट विजेवर. म्हणजे एका वॅटमागे सेकंदाला सुमारे ५,२०० कोटी क्रिया. पंधरा वर्षांत जवळजवळ दीडशेपट सुधारणा. मूळ खेळांतील चित्रे रेखाटण्यासाठी बनलेल्या चिपांच्या जातीचे प्रक्रियक त्यात वापरले आहेत. असे प्रक्रियक एकटे फारसे हुशार नसतात, पण हजारोंनी एकाच आज्ञेवर चालतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये अटलांटाच्या परिषदेत एल कॅपिटान या संगणकाने १.७४२ एक्साफ्लॉपसह पहिला क्रमांक घेतला. त्याला सुमारे ३० मेगावॅट लागतात. गुणाकारापेक्षा संख्या आणण्यालाच अधिक ऊर्जा लागते, हे येथे सांगितले पाहिजे. चिपबाहेरील स्मृतीतून एक संख्या आणण्याचा खर्च तिचा गुणाकार करण्याच्या शंभरपटीहून अधिक असू शकतो.

विजेचा हा धडा रिनोमध्ये विद्यार्थ्यांनीही गिरवला. पदवीपूर्व वर्गातील सहा-सहा विद्यार्थ्यांच्या संघांची स्पर्धा तेथे पहिल्यांदा झाली. प्रत्येक संघाने आपला लहान महासंगणक स्वतः जुळवायचा आणि दोन दिवस दिलेली गणिते त्यावर सोडवायची. वीज मात्र सुमारे तीन हजार वॅटच वापरायची. घरातल्या एका मोठ्या गीझरइतकी. मग जास्त प्रक्रियक घेऊन ते मंद चालवावेत, की थोडे घेऊन जोरात? कोणते गणित आधी घ्यावे, कोणते रात्रीसाठी ठेवावे? पहिली स्पर्धा कॅनडाच्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संघाने जिंकली. ही स्पर्धा पुढेही परिषदेत चालू राहिली. आमच्या मते परिषदेत पाहण्यासारखे यापेक्षा चांगले दुसरे काही नसावे.

पुढे काय?

ठेका वाढत नाही, वीज मर्यादित आहे. मग वेग कोठून आणायचा? एक मार्ग जुन्याच गणितात सापडला आहे. २ चे वर्गमूळ काढायचे आहे असे समजा. १.४ हा ढोबळ अंदाज घ्या. २ ला १.४ ने भागा, १.४२८५७ येतात. दोघांची सरासरी १.४१४२९. हीच कृती पुन्हा करा, १.४१४२१३६ मिळतील. सुरुवात दोन अंकांनी केली, तरी उत्तर सात अंकांपर्यंत अचूक आले! समीकरणेही अशी सोडवता येतात. अवघड काम थोड्या अंकांनी उरकायचे आणि दुरुस्तीपुरते अधिक अंक वापरायचे. लहान संख्या आणायला वेळ कमी, वीजही कमी. या पद्धतीने फ्रंटियरने ११ एक्साफ्लॉपहून अधिक वेग दाखवला आहे. युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राने २०२१ मध्ये आपले अंदाज ६४ ऐवजी ३२ द्विअंकी स्थानांत काढण्यास सुरुवात केली आणि वाचलेली शक्ती हवेचे थर वाढवण्यासाठी खर्च केली.

पुंज संगणकाचाही बराच गाजावाजा होतो. काही विशिष्ट कोड्यांत, उदाहरणार्थ रेणूंच्या रचनेत, तो पुढे फार उपयोगी पडेल असे दिसते. पण लाखो चौकोनांतील हवेचा हिशेब त्याच्या हवाली करून आपण मोकळे होऊ, अशी कल्पना कोणी करून घेऊ नये.

हवामानाचे काम मात्र थांबणारे नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत २०२४ मध्ये ‘अर्क’ हा ११.७७ पेटाफ्लॉपचा संगणक सुरू झाला. २०२५ पासून देशाचा अंदाज १२ ऐवजी ६ किलोमीटरच्या चौकोनांवर काढला जाऊ लागला. गावाच्या पंचक्रोशीत पाऊस पडेल की नाही हे सांगायचे, तर चौकोन लहानच हवेत. पेरणी करावी की थांबावे, हे त्यावर ठरते.

येथे गुस्ताफसन यांची युक्तीही पुरी पडत नाही. चौकोनाची बाजू निम्मी केली, की चौकोन चौपट होतात; ते चौपट प्रक्रियकांना वाटता येतात. पण चौकोन लहान झाला, की काळाचे पाऊलही ढोबळमानाने निम्मे करावे लागते, नाहीतर वारा एका पावलात चौकोन ओलांडून जाईल आणि हिशेब बिघडेल. पावले मात्र वाटून देता येत नाहीत. दुपारची हवा कळल्यावाचून संध्याकाळची काढता येत नाही. म्हणजे प्रक्रियक चौपट करूनही अंदाजाला दुप्पट वेळ लागतो. उद्याचा अंदाज परवा हाती आला, तर त्याचा काय उपयोग?

मग प्रक्रियक आठपट केले तर? एक गणित करून पाहा. एका प्रक्रियकाकडे ८ × ८ असे ६४ चौकोन आहेत. त्यांची सीमा ३२ बाजूंची आहे आणि प्रत्येक पावलाला त्या ३२ बाजूंवरून शेजाऱ्यांशी निरोपांची देवघेव करावी लागते. आता त्याचे अर्धे चौकोन दुसऱ्याला दिले. उरले ८ × ४, म्हणजे ३२. आकडेमोड निम्मी झाली. सीमा मोजा. ती १६ बाजूंची झालेली नाही, २४ बाजूंची आहे. पुन्हा अर्धे करा, ४ × ४. चौकोन १६, सीमाही १६. आणखी एकदा अर्धे केले, तर चौकोन ८ आणि सीमा १२!